गाणं संपल्यावरचा आवाज

"एकदा तरी वळून बघ ना… मी इथेच उभी आहे—"

स्टुडिओच्या तळघरात उतरणाऱ्या जिन्यावर माझा पाय थबकला. ती ओळ माझी होती. म्हणजे लिहिली होती दुसऱ्याच कुणी, पण नव्या अल्बममध्ये गाणार होते मी. कितीतरी दिवस हेडफोन लावून तीच घोकत होते. आणि इथे एक उंच, किडकिडीत माणूस पेयांच्या यंत्रासमोर कमरेत वाकून, त्या यंत्रालाच ती गाऊन दाखवत होता. तीही अगदी लाडात येऊन.

"ते नाही वळणार," मी म्हणाले. "भिंतीला ठोकलंय."

तो गर्रकन वळला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "नाणं गिळून बसलंय. आधी रागावून पाहिलं. म्हटलं, आता गोडीगुलाबीनं…"

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तो आवाज… किंचित खरखरीत, ओळ संपली तरी श्वास न सोडणारा.

"थांबा. टेपवर गाणारी… ती तुम्ही?"

"ती मी," तो बुटांकडे बघत म्हणाला.

आमच्या धंद्यात गायकाच्या हाती गाणं येतं ते आधी दुसऱ्या कुणीतरी गाऊन ठेवलेलं. कच्चं गाणं म्हणतात त्याला. गायकाने ते ऐकायचं, चाल उचलायची आणि स्वतःचं गाणं झालं की ते पुसून टाकायचं. कच्चं गाणाऱ्याचं नाव कुठे छापत नाहीत. या टेपवरची बाई मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. इतकी आतून गाणारी बाई हाताशी असताना कंपनीला माझी गरज काय, असं वाटून मी दोन रात्री नीट जेवलेही नव्हते. आणि ती बाई आता माझ्यासमोर उभी होती, दाढी न केलेली.

"ठरलेल्या ताईंचा घसा बसला," तो सांगू लागला. "मी संगीतकारांकडे हरकाम्या. ते म्हणाले, तात्सुमी, तूच गा वरच्या पट्टीत, कोण ऐकतंय? इओरी तात्सुमी. आणि तुम्ही नाझुना-सान. पोस्टरवर केस लांब होते."

"कंपनीने कापले. आखूड केसांत मी जास्त एकटी दिसते म्हणे."

तो हसला नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, जरा जास्तच नीट. "नाही दिसत," तो म्हणाला.

तेवढ्यात यंत्राला काय वाटलं कुणास ठाऊक, धप्पकन मक्याच्या गरम सूपचा डबा खाली पडला. त्याने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. बाहेर फेब्रुवारीतला गारठलेला पाऊस पडत होता, माझी बोटं बधिर झाली होती. डबा घेताना त्यांना चटका बसला. डब्याचाच असणार, असं मी स्वतःला बजावलं.

कारण दुसरं काही वाटून घ्यायची मला परवानगी नव्हती.

माझे आधीचे दोन्ही अल्बम आपटले होते. होसाका-सान, आमच्या कंपनीचे मालक, यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "या वेळी सगळी गाणी प्रेमाची. हा चालला तर दौरा. नाही चालला तर तुझी बॅग तू भर." करारात एक कलम होतं: दौरा संपेपर्यंत कुणाशी नाव जोडलं जाता कामा नये. आखूड केसांची एकटी मुलगी आपल्यासाठी झुरते आहे, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. मिठाईच्या दुकानात कामाला ठेवायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं, तशातली गत.

कुलपाची किल्ली होती कुरोकावा-सानकडे. त्या माझ्या मॅनेजर. चाळिशीच्या, ठेंगण्या, कधीही छत्री न विसरणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी इओरीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तो मुलगा चांगला आहे."

"हो का? माझं लक्ष नव्हतं."

"तेच म्हणते. नसू दे."

पण लक्ष कसं नसणार? मी काचेच्या खोलीत गायची, तो काचेपलीकडे बसायचा, आणि संगीतकार मुरासे-सान कंटाळले की सूचना द्यायचा माइक त्याच्यापुढे सरकवायचे. त्याचा एकेक शब्द खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जायचा. म्हणून आम्ही कामाचंच बोलायचो.

"दुसऱ्या ओळीत जरा जवळ या, नाझुना-सान… माइकच्या."

"एवढी?"

"अजून."

"फार जवळ आलं तर श्वास ऐकू येईल."

"येऊ दे. मला… म्हणजे गाण्याला हवाय."

कुरोकावा-सान कोपऱ्यात मासिक चाळत असायच्या. त्यांचं पान मात्र बराच वेळ उलटलेलं नसायचं.

आमची बाहेर भेट व्हायची ती फक्त स्टेशनखालच्या उभ्याने खायच्या सोबाच्या टपरीवर. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून, ओळीने, सुर्रसुर्र करत नूडल्स ओढतात आणि चालू लागतात. मी टोपी खाली ओढून उभी राहायची. जरा वेळाने शेजारी एक वाडगा यायचा.

"या टपरीवर एक गायिका येते म्हणे," शेजारचा माणूस भिंतीला सांगायचा.

"ऐकलंय. फार भाव खाते."

"छे. कांदापात तेवढी खात नाही. माझ्या वाडग्यात टाकते."

"बघणाऱ्याला वाटेल, ओळख आहे."

"मग तुम्ही टाकू नका ना."

मी टाकायचीच. आणि रस्त्यापलीकडे करड्या रंगाची एक गाडी बराच वेळ उभी दिसली की मी टोपी आणखी खाली ओढायची. मासिकवाल्यांचे फोटोग्राफर अशाच गाड्यांत बसतात. मग शेजारचा माणूस वाडगा अर्धवट टाकून निघून जायचा, एकदाही वळून न बघता. ते वळून न बघणंच मला जास्त लागायचं… आणि तेवढंच आवडायचंही.

शेवटचं गाणं मात्र माझ्याकडून होईना. शब्द बरोबर, सूर बरोबर, आणि तरी मुरासे-सान सिगारेट विझवत म्हणाले, "उद्याचं हवामान सांगतेयस, पोरी. कुणाला सांगतेयस हे? समोर कोण आहे?"

समोर काच होती. मग इओरी उठला, माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि दाराजवळ जमिनीवर मांडी घालून बसला. मुरासे-सानची हरकत नव्हती. कुरोकावा-सान फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या.

"मला सांगा," तो म्हणाला.

दिवा मंद केला होता. पियानो सुरू झाला. तो ओठांनी, आवाज न करता, माझ्याबरोबर ओळी म्हणत होता. मी त्या माणसाला सगळं सांगितलं. टपरीवर भिंतीला सांगता न आलेलं, गाडीत गिळून टाकलेलं, सगळं. गाणं संपलं. पियानोचा शेवटचा सूर खोलीभर रेंगाळत होता. इओरीने श्वास सोडला आणि अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाला, "पोचलं."

मला ऐकू आलं. वाटलं, फक्त मलाच.

अल्बम जूनमध्ये आला. आमच्याकडे नवा अल्बम बुधवारी निघतो, पण दुकानांत मंगळवारीच लागतो. त्या मंगळवारी कुरोकावा-सानबरोबर मी दुकानांतून फिरले. दुकानांतल्या पोरींनी रंगीत खडूंनी हाताने लिहिलेल्या पाट्या लावल्या होत्या: "एकटीने ऐका. रुमाल घेऊन ऐका." मी त्यांच्यापुढे वाकून वाकून आभार मानले. गावोगावच्या रेडिओंसाठी 'नवा अल्बम जरूर ऐका' हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. गाडीत कुरोकावा-सान मुलाखतींची तालीम म्हणून उलटतपासणी घ्यायच्या.

"ही गाणी कुणासाठी गायलीस?"

"ऐकणाऱ्या प्रत्येकासाठी."

"प्रेमात पडली आहेस?"

"सध्या गाण्याच्याच."

"डोळे खाली नको. खाली बघितलं की लोकांना कळतं."

अल्बम चालला. पहिल्याच आठवड्यात होसाका-सानचा फोन आला, दौऱ्याची सभागृहं ठरली. पुढच्या सोमवारी दुसरा फोन आला. या वेळी ते ओरडत नव्हते, तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिघडलंय.

मुरासे-साननी शेवटच्या गाण्यात पियानोचा सूर पुरता विरेपर्यंत ठेवायचा हट्ट धरला होता. त्या विरण्याच्या तळाशी तो शब्द बसून राहिला होता. स्टुडिओतल्या भल्यामोठ्या स्पीकरांवर कुणाला जाणवला नाही. कानात खुपसलेल्या स्वस्तातल्या इअरफोनमधून मात्र सगळ्या देशाला ऐकू आला. एका मुलीने आवाज वाढवून ऐकला आणि इंटरनेटच्या चावडीवर लिहिलं: शेवटी एक पुरुष "पोचलं" म्हणतो. कोण आहे तो? दुपारपर्यंत सगळे तेच विचारत होते.

कंपनीच्या बैठकीत मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. इओरीला टेबलाच्या टोकाला उभं केलं होतं.

"तोड सोपी आहे," होसाका-सान म्हणाले. "सहायकाची चूक. परवानगीशिवाय आत शिरला, बडबडला. पुढच्या छपाईत काढून टाकू. रविवारी इकेबुकुरोच्या मोठ्या दुकानातल्या कार्यक्रमात नाझुना हे स्वतः सांगेल. तात्सुमी, तुझं काय म्हणणं?"

ते खरं नाही, हे मुरासे-सानना माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत होते. ते मलाही माहीत होतं. मी तोंड उघडलं… आणि इओरीने माझ्या आधी कमरेतून वाकून म्हटलं, "माझीच चूक आहे. माफ करा."

एकदा हा डाग लागला की या धंद्यात दुसरा स्टुडिओ दारात उभा करत नाही. तो हे जाणून वाकला होता. मी बोलले असते तर दौरा गेला असता. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कुरोकावा-सान त्याला घेऊन प्रायोजकांकडे माफी मागत फिरल्या. हातात योकानचे डबे. योकान म्हणजे लाल चवळीची घट्ट वडी, विटेसारखी जड. माफी मागायला हलकी मिठाई नेत नाहीत, वजन घेणाऱ्याच्या हाताला कळावं लागतं. संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या आणि बूट न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"एकही डबा मला उचलू दिला नाही त्याने," त्या म्हणाल्या. "कुशिरोला जातोय, पार उत्तरेला, आईवडलांकडे. रविवारी संध्याकाळी. तुला फोन करायचा नाही, असं लिहून घेतलंय त्याच्याकडून."

"तुम्हाला काय वाटतं, मी काय करावं?"

"मला वाटायचा पगार मिळत नाही," त्या म्हणाल्या. पण लगेच गेल्या नाहीत. छत्री या हातातून त्या हातात करत राहिल्या.

रविवारी इकेबुकुरोच्या त्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर पाऊस लागला होता. स्टेजवर ताडपत्री, समोर पारदर्शक छत्र्यांची रांगच रांग. प्रत्येक छत्रीखाली एक चेहरा, आणि सगळे चेहरे एकाच गोष्टीची वाट बघत होते. कागद माझ्या हातात होता. मी तो वाचला. "शेवटच्या गाण्यातला आवाज एका सहायकाच्या निष्काळजीपणामुळे राहून गेला. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून…" माझा आवाज स्वच्छ होता. हवामान सांगावं तसा. मी वाकले. छत्र्यांमधून सुटकेचा एक उसासा गेला आणि टाळ्या वाजल्या. स्वतःचीच इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

मग हात मिळवायचा कार्यक्रम सुरू झाला. अल्बमबरोबर मिळालेलं कुपन देऊन एकेकाने पुढे यायचं, हात मिळवायचा, एक वाक्य बोलायचं. शेजारी काळ्या कोटातला एक माणूस उभा असतो. त्याचं कामच ते: खांद्यावर हात ठेवायचा, "वेळ झाली" म्हणायचं आणि माणसाला हळूच पुढे ओढायचं.

"बरं झालं, खुलासा केलात," एक मुलगी म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागला होता." मी हसले. "विश्वास होताच," एक विद्यार्थी म्हणाला. मी हसले. गाल दुखायला लागले होते.

पुढचा हात पुढे आला आणि मी वर न बघताच ओळखला. बोटांवर सुतळीचे वळ होते. योकानच्या डब्यांच्या पिशव्यांचे असणार.

इओरीने कुपन काळ्या कोटवाल्याच्या हातात दिलं होतं. ओले केस कपाळाला चिकटलेले. अल्बम विकत घेऊन, रांगेत उभा राहून, सगळ्यांसारखा आला होता. फोन करायचा नाही असं लिहून दिलं होतं, रांगेबद्दल कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.

"नमस्कार," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आलोय. कुशिरोचा आहे."

"लांबून आलात," मी म्हणाले. माझे ओठ हलत होते, एवढंच मला कळत होतं.

"अल्बम ऐकला. शेवटचं गाणं छान आहे. शेवटी जरा गडबड आहे म्हणतात… ती सोडून."

"तुम्ही ऐकलंत? मी आत्ता जे वाचलं ते…"

"ऐकलं. नीट वाचलंत." तो हसला, आणि त्याचे डोळे खाली गेले. "दौऱ्याला तब्येत सांभाळा. कांदापात खात जा."

खांद्यावर काळ्या बाहीचा हात आला. "वेळ झाली."

इओरीने हात काढून घ्यायला सुरुवात केली. मी सोडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान अगदी थोडीशी हलवली — नको. मी आणखी घट्ट धरला. मला वाटलं होतं, असं काही करायचं तर आधी धैर्य गोळा करावं लागत असेल. तसं काही झालं नाही. हात सोडवेना, एवढंच.

"वेळ झाली, साहेब," काळा कोट पुन्हा म्हणाला.

"यांची नाही झाली," मी म्हणाले.

माझ्या कॉलरला अजून छोटा माइक लावलेला होता; हळू बोललेलं तो उचलत नसे, पण हे मी मोठ्याने म्हणाले होते. माझा आवाज गच्चीवरच्या सगळ्या भोंग्यांतून फिरून माझ्याकडे परत आला. छत्र्या स्तब्ध झाल्या. स्टेजच्या कडेला होसाका-सान हाताने गळा कापल्याची खूण करून ध्वनिवाल्याला माइक बंद करायला सांगत होते. ध्वनिवाला कुरोकावा-सानकडे बघत होता. आणि कुरोकावा-सान, देव त्यांचं भलं करो, छत्रीचं बटण अडकल्यासारखं करून खाली बघत होत्या.

"मी खोटं वाचलं," मी म्हणाले. "यांना आत मीच येऊ दिलं. ते गाणं मला जमत नव्हतं, कारण सांगायला समोर कुणी नव्हतं. मग हे समोर बसले. तो आवाज यांचा आहे. चूक कुणाचीच नाही. मला हा माणूस आवडतो… फार आवडतो. त्याला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं लागतंय, माफ करा."

"नाझुना," इओरी पुटपुटला. पहिल्यांदाच, नुसतं नाव. "दौरा जाईल."

"माहितेय."

"वेडी आहेस."

"तू नाही? कुपन घेऊन रांगेत उभा राहिलास." मलाही कळलं, मी 'तू' म्हणाले होते.

मघाची मुलगी रडत जिन्याकडे गेली. तिच्यामागे आणखी काही छत्र्या मिटल्या, काहींनी माझ्याकडे पाठ फिरवली. कुणीतरी अल्बम कठड्यावर ठेवून निघून गेलं. पाऊस त्या डबीवर टपटपत होता आणि मला तिकडे बघवत नव्हतं. दौरा जाणार होता. कदाचित सगळंच. पण मनात कित्येक महिन्यांनी काही दडवलेलं नव्हतं.

रांगेत पुढचे होते ओकुबो-सान. पन्नाशीचे, कुठल्याशा विमा कार्यालयात काम करणारे. मी रिकाम्या खुर्च्यांपुढे गायची तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला येणारे. ते जागचे हलले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, इओरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सासऱ्याने पाहावं तसं.

"'पोचलं' म्हणणारा तूच?"

"हो. माफ करा."

"माफी कसली? आम्हालाही पोचलं होतं. आम्हाला वाटलं, आमच्यासाठीच आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सहायकाची चूक म्हणून ऐकलं तेव्हा जास्त वाटलं होतं." मग काळ्या कोटवाल्याकडे वळून त्यांनी कुपन पुढे केलं. "माझा नंबर आहे ना आता?"

आमच्याकडे पाहुण्याचा हात दोन्ही हातांत घेऊन मिळवायची रीत आहे. एका हाताने मिळवणं उद्धटपणा. त्या दिवशी गच्चीवर उरलेल्या सगळ्यांशी मी उजव्या हाताने हात मिळवला आणि प्रत्येकाची वाकून माफी मागितली. डावा हात मोकळा नव्हता.